दुसऱ्या मानाची जोडी

माझ्या भावाच्या बैठकीत सोफ्याच्या वर एक तक्ता टांगलेला आहे. लॅमिनेशन केलेला, सोनेरी काठाचा. आमच्या कुळाचा वंश, गोत्र, देवक, कुलदैवत, मूळ गादी, निशाणाचा रंग, घोड्याचा रंग असं सगळं त्यात रकान्यारकान्यानं छापलं आहे. एका यात्रेत तीनशे रुपयांना मिळाला. आपण आडनाव सांगायचं, दुकानदार गठ्ठ्यातून बरोबर तक्ता ओढून काढतो. आमचा घोडा पिवळा आहे. आमच्या वाडवडिलांनी कधी घोडा बाळगल्याचं कोणी ऐकलेलं नाही. बैल मात्र पिढ्यानपिढ्या होते, आणि बैलांना त्या तक्त्यात रकाना नाही.

मी माहेरची दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. सासर अचलपूरकडचं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तीन वर्षांमागं निवृत्त झाले. माहेरच्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात अर्धं गाव आमचं भाऊबंद आहे आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे.

तर आमच्या गावात पोळ्याला तोरणाखाली पहिली उभी राहते ती खालच्या वाड्यावरची जोडी. आमची दुसरी. मी शाळेत नव्हते तेव्हापासून हे पाहते आहे, आणि त्यावरचं आजोबांचं एकच वाक्य ऐकते आहे, "थोरले आपुन. त्याईनं कपटानं मान नेला." कपट कोणतं, कोणी केलं, कधी केलं, असं विचारलं की आजोबा तंबाखू मळायला घ्यायचे. बाबांच्या वेळी एकदा झडत्या, म्हणजे पोळ्यातली गाणी, चालू असतानाच बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून दोन घरांचं चहापाणी बंद. लग्नाची पत्रिका जायची, माणूस जायचा नाही.

माझं शोधणं सुरू झालं ते मात्र मानापानातून नाही, भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशातून. जात पडताळणीला इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जितका जुना तितका चांगला. भावाला वावरातून सवड नाही. मला पेन्शनही होती आणि सवडही होती.

पहिला हाताला लागतो तो कोतवाल बुकाचा कागद. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल खबर द्यायचा आणि ती वहीत चढायची. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं, जात असते, तारीख असते. बाळाचं नाव नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बस. आईचा तर पत्ताच नाही. मरणाच्या नोंदीत तेवढं नाव मिळतं आणि शेजारी कारण: ताप, हगवण, पटकी. १९१८ च्या दिवाळीच्या सुमाराची पानं मी उलटली तेव्हा ओळीनं तापच ताप होता, इन्फ्लुएंझाच्या साथीचा. एकाच घरातली तीन-तीन माणसं आठवड्यात. माझी आजेसासू सांगायची की त्या साली माणसं जाळायला लाकडं पुरली नाहीत. मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं.

एका कार्यालयात मला सहा फेऱ्या पडल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा चावी नव्हती, एकदा चावी होती तर वीज नव्हती. ते जाऊ द्या.

खरी अडचण नावांची झाली. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. त्यामुळं आमच्या घराण्यात दोनच नावं आळीपाळीनं चालत आली: नारायण वल्द विठोबा, म्हणजे विठोबाचा मुलगा नारायण, मग विठोबा वल्द नारायण, मग पुन्हा नारायण वल्द विठोबा. समोरचा विठोबा माझा पणजोबा की त्याचा आजा, हे नुसत्या नावावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तेव्हा एका निवृत्त तलाठ्यानं मला सांगितलं, "मॅडम, माणूस धरू नका, वावर धरा. माणसं बदलतात, सर्व्हे नंबर बदलत नाही."

हे ज्यांना करायचं असेल त्यांनी लिहून ठेवावं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं, आणि पुढं इथं मुंबई इलाख्यासारखी रयतवारी मोजणी झाली. शेताशेताला नंबर पडला आणि नंबरापुढं खातेदाराचं नाव आलं. वर्धा नदीच्या पलीकडं, नागपूर-भंडाऱ्याकडं, गोष्ट वेगळी. ते भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि तिथं मालगुजारी आली. गावचा मालगुजार, म्हणजे सरकारात सारा भरणारा मालक, कोण, हे आधी शोधावं लागतं, त्याच्या हाताखालची कुळं मग. माझी एक मैत्रीण पवनीची आहे. तिनं माझी पद्धत तिथं लावली आणि वर्ष वाया घालवलं.

वावर धरून मी खापरपणजोबांपर्यंत पोचले. तिथून मागं सगळी मोडी.

मोडीच्या दहा दिवसांच्या वर्गाला जाऊन बसले. वर्गात पंचवीस-तिशीची पोरं आणि मी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. बोरू उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही, वेलांटी सगळी दीर्घ आणि उकार सगळा ऱ्हस्व. एकतीस वर्षं पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल रेघा मारल्या, त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. दहा दिवसांत अक्षरओळख होते. वाचता येत नाही. वाचता यायला मला दोन वर्षं लागली, आणि अजूनही ‘ब’ आणि ‘व’ माझी फजिती करतात.

मधे नाशिकला जाऊन आले. रामकुंडावर आमच्या भागाचे तीर्थोपाध्याय कोण, हे विचारत गेलं की माणूस सापडतो. त्यांनी गाव विचारलं, जात विचारली, आत गेले आणि वीस मिनिटांत वही घेऊन आले. शके १८२९, म्हणजे १९०७-०८. माझे पणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. पिंडासाठी म्हणून त्यांनी बाप, आजा, पणजा अशी तीन नावं सांगितली होती आणि खाली स्वतः सही केली होती, मोठ्या, शिकाऊ अक्षरात. आमच्या घराण्यातली मला सापडलेली ही सगळ्यात जुनी सही. गुरुजींनी माझं नाव त्याच पानाखाली लिहिलं. मी म्हटलं, मी तर सासरची झाले. ते म्हणाले, "इथं कोण आलं ते लिहितो आम्ही."

हे ऐकून मला लहानपणचा भाट आठवला. सुगीनंतर यायचा. लाल फडक्यात गुंडाळलेली लांबट वही, अंगणात घोंगडीवर बसून तो वरच्या सुरात वंशावळ म्हणायचा; देवगिरीच्या यादवांपासून सुरू करून थेट माझ्या भावापर्यंत यायचा. भावाचं नाव आलं की आजी उठून सुपात ज्वारी आणायची. एकदा माय म्हणाली, "माह्या पोरीचंबी लिहा ना बाप्पा." तो हसला. "वहीत पोरी नसतात माय, पोरी दुसऱ्याच्या वहीत." मग मी सासरी आल्यावर सासरच्या भाटालाही विचारलं होतं. त्याच्याही वहीत नव्हते.

त्या यादवांचं पुढं सांगते. आधी तक्त्याचं संपवते, कारण तो तक्ता पाहूनच माझ्या चुलतबहिणीच्या जावयानं इंग्लंडातून एक फोटो पाठवला: तिथल्या बाजारातला चहाचा मग, त्यावर कोणाचं तरी आडनाव आणि ढाल, ढालीवर सिंह. म्हणजे तिकडंही तेच दुकान! पण मग मी थोडं वाचलं. तिकडं ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं, आणि त्याच्या सरळ वंशजांना चालतं. त्याची नोंद ठेवणारं कार्यालय लंडनला १४८४ पासून आहे. १५३० ते १६८८ या काळात तिथले अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात फिरायचे, घराण्यांना बोलावून विचारायचे, की हे चिन्ह तू लावतोस ते कशाच्या आधारावर? वंशावळ दाखव, जुनी खतं दाखव. आधार नसला की हा माणूस या चिन्हाचा नव्हे असं चारचौघांत जाहीर व्हायचं. तरीही तिकडच्या वंशावळीत हौशी पूर्वज घुसलेच. आमच्या तक्त्याची तर तपासणीच नाही. यात्रा संपली, दुकान उठलं.

आमच्याकडची खतं मात्र होती. आमच्या घरात नव्हती, खालच्या वाड्यावर होती.

तिथं जायचं कसं? भाऊ म्हणाला, तू गेलीस तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी महिनाभर ऐकलं, आणि मग अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशी सरळ गेले. मोठेबाबा ओसरीवर बसले होते. बाबांचे चुलत-चुलत भाऊ, वय पंच्याऐंशी, कान तिखट.

"काय वं बाई, वाट चुकली का?"

"नाही मोठेबाबा, तुमच्याकडंच आली."

त्यांनी घटकाभर माझ्याकडं पाहिलं आणि आत हाक मारली, "चहा टाका वं. वरच्या घरची लेक आली." मग माझ्याकडं वळून, "लेकीले कायची भाऊबंदकी?"

सगळ्या वंशावळीत पोरी नसतात याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

संदूक पत्र्याची, धान्याच्या खोलीत. तिच्यात दोन रुमाल होते. रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं, दप्तरखान्यात अजून हाच शब्द चालतो. एका रुमालाच्या कोपऱ्याला उधई लागलेली. मोठेबाबांचा धाकटा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "ताई, त्याच्यात तुमची जमीन तं नाई ना निघत?" तो हसत होता, पण दारातून हललाही नाही. पहिल्या रुमालात बहुतेक पावत्या निघाल्या, आणि सगळ्यात आत एक लांब गुंडाळी. तीन बंद एकाखाली एक चिकटवलेले. हातकागद, जाड, घोटून गुळगुळीत केलेला, आणि शाई अशी काळी की काल लिहिली म्हणावी. घडीच्या जागी मात्र कागद झिजून जाळी झाली होती. मी मोबाईलवर बावीस फोटो काढले आणि कागद होता तसा परत ठेवला.

त्या बावीस फोटोंवर पावसाळा गेला.

आधी तारीख. जुन्या कागदांत सुहूर सन नावाची कालगणना असते आणि तीही अरबी अंकशब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशी गिनती, आणि एककापासून उलटं वाचायचं. माझ्या कागदावर होतं ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. दोन, सत्तर, शंभर, हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं म्हणून १७७१-७२. खाली फसली, म्हणजे महसुली, सन ११८१ होता. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे, पुन्हा १७७१. दोन्ही जुळले तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

पण वर काझीचा फारसी शिक्का होता आणि त्याच्यात आकडा दिसत होता ११७८. हा कोणता? अचलपूरला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, फोटो मोठा करून पाहिला. "ताई, हा हिजरी सन आहे. शिक्का कोरला त्या साली. काझी नेमला की शिक्का कोरतात, मग तोच वर्षानुवर्षं उमटतो. कागदाची तारीख नाही ही." हिजरी ११७८ म्हणजे १७६४-६५. शिक्क्यावरच्या सालानं कागद सात वर्षांनी म्हातारा झाला असता.

१७७१ म्हणजे वऱ्हाडात दोअमली होती. निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल, दोघांचे कामगार एकाच गावात वसूल मागायला. त्याच्या दोनच वर्षं आधी माधवराव पेशव्यांची फौज जानोजी भोसल्यांवर चालून आली होती आणि कनकापूरचा तह झाला होता. रयतेचं काय झालं असेल ते कागदात एका शब्दात आहे. आमचे लोक ज्या गावातून उठून इथं आले, त्या गावापुढं लिहिलंय ‘बेचिराग’. जिथं दिवा लागत नाही ते गाव. त्या गावाचं रीठ अजून आहे, आमच्या शिवेला लागून. बाभळी, एक मारोती, आणि नांगरात येणारी खापरं. लहानपणी आम्ही तिथं बोरं खायला जायचो.

आता कागद काय आहे ते. वरच्या ओळीवर मी पाच दिवस अडले होते. शेवटी लागलं: यजितखत. वतनाचा तंटा गोतापुढं, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेपुढं, आला की दोन्ही बाजू आपापला करीना सांगायच्या, म्हणजे मूळ पुरुषापासून हकीकत. गोत बसायचं, निवाडा व्हायचा, आणि जो हरला तो जिंकलेल्याला लिहून द्यायचा की माझा दावा खोटा, पुन्हा बोलणार नाही. ते यजितखत. जिंकलेल्यानं जपून ठेवायचा कागद. म्हणूनच तो त्यांच्या घरात होता. आमच्या घरात कशाला असेल?

करीन्यात मूळ पुरुषापासून चार पिढ्या आहेत. दोन भाऊ, बेचिराग गाव सोडून इथं आले. थोरला वारला. धाकट्यानं गाव वसवलं आणि पाटीलकीचं काम केलं. मग थोरल्याची बाजू उभी राहिली की वडीलपण आमचं, मान आमचा.

ती बाजू कोणी मांडली, हे मला आधी कळलंच नाही, आणि हा माझा मूर्खपणा इथं सांगायलाच हवा. एका ओळीत नावापुढं ‘कोम’ होतं. वऱ्हाडच्या कागदांत ‘कौम कुणबी’ असं जातीसाठी लिहिलेलं मी शंभरदा पाहिलं होतं, म्हणून मी ते कौम वाचलं आणि पुढं जात शोधत बसले. पुढं जात नव्हतीच, माणसाचं नाव होतं. ‘कोम’ म्हणजे बायको. अमकी कोम अमका. आपल्या सातबाऱ्यावर ‘जवजे’ असतं ना, तेच. दावा करणारी बाई होती. थोरल्या भावाची विधवा, पदरात अज्ञान मुलगा, मुलाचं नाव विठोबा.

तिचं नाव घडीवर आलंय. कागदाची जाळी झाली आहे तिथं. शेवटचं ‘कुबाई’ एवढं लागतं. ठकूबाई असेल, सकूबाई असेल.

कागदाच्या शेवटी हजर लोकांची यादी आणि निशाण्या. लिहिता न येणाऱ्यानं आपल्या कामाचं चिन्ह काढायचं. पाटलाचा नांगर, इवलासा, रुमणं-फाळासकट. शेट्याचा तराजू. न्हाव्याचा आरसा. माझ्या डोळ्यांना तर ही कोणत्याही ढालीपेक्षा देखणी वाटली. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, चिखलदऱ्याला सहलीला नेलेल्या पोरांना मी तो दरवर्षी दाखवायची. राजांना गंडभेरुंड शोभतो. आमचं निशाण नांगर, आणि त्याच्या खाली, सगळ्यांच्या शेवटी, एक गोल.

तो गोल मी शाईचा डाग समजले होते. नीट जुळलेला नाही, जिथं सुरू केला तिथं परत येता येता थोडा वर सरकलाय आणि शेवटी शाई फुटली आहे. शेजारी बारीक अक्षरात ‘निशाणी बांगडी’. वरचा नांगर, तराजू, आरसा सगळे एका हातचे, सराईत. बहुधा कुळकर्ण्यानं काढून दिलेले. गोल त्या हातचा नाही. मला वाटतं तिच्या हातात बोरू दिला असावा.

निवाडा असा: वडीलपण नात्यानं थोरल्याचं खरं, पण गाव वसवलं धाकट्यानं, म्हणून पाटीलकी आणि पहिला मान धाकट्याच्या वंशाला. विधवेच्या मुलाला दोन नांगरांची जमीन आणि होळी-पोळ्याला दुसरा मान. म्हणजे आजोबांचं अर्धं वाक्य खरं होतं. थोरले आपणच. आणि कपट म्हणावं तर गोत बसलेलं, साक्षी झालेल्या, काझीचा शिक्का वर. तिनं हे सगळं ‘राजीखुशीनं’ लिहून दिलं, असं कागद म्हणतो. कोणत्याही खतात बाई राजीखुशीच असते.

२००९ मध्ये बाबा गेले, त्यानंतर मी आणि धाकटीनं भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. अर्जनवीसानं वाचून दाखवलं होतं: राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय. कायद्यानं लेकीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून आहे, हे मी स्वतः सातवीच्या पोरींना सांगत होते. दाब कोणी दिला नव्हता. भावाचं कर्ज होतं, माझा पगार होता, आणि माहेर तुटू नये असं वाटत होतं. भावानं दोघींना साड्या घेतल्या. साडी चांगली होती. मी सही केली; गोल काढायची वेळ आली नाही, एवढाच फरक.

हे मी भावाला सांगितलं नाही. कागदाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे आपुन हारलो व्हय." मग जरा वेळानं, "पन थोरले आपुनच." मग तक्त्याकडं बोट करून, "आनं यादव?"

यादवांचा हिशेब मी त्याला मांडून दाखवला. करीन्यातला मूळ पुरुष पिढीला पंचवीस वर्षं धरून १६७० च्या आसपासचा, म्हणजे औरंगजेबाच्या अमलातला. देवगिरीचं राज्य बुडालं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला. मधली साडेतीनशे वर्षं, चौदा पिढ्या. भाटाच्या वहीत त्या चौदाच्या चौदा आहेत, बापाला मुलगा, मुलाला मुलगा, सगळे ‘देव’ आणि ‘राव’. कोणी निपुत्रिक नाही, कोणी दत्तक नाही, कोणी गाव सोडून पळालं नाही. आमच्या एका खऱ्या कागदात चार पिढ्यांतच एक उजाड गाव, एक अकाली मेलेला माणूस आणि एक तंटा आहे. मला त्या चौदा पिढ्यांपेक्षा या चार पुरतात. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. त्यांच्यापाशी देशमुखी होती, फौज होती, दरबार होता. आमच्यापाशी दोन नांगर.

तरी मनात राहिलंच की आपल्या मुलखात त्याहून जुनं खत कुणाचं असेल. ते माझ्या सासरच्या अगदी उंबऱ्यात निघालं. अचलपूरजवळचं चमक गाव. तिथं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, पाचव्या शतकातला. आधी राजाची वंशावळ, मग दान: मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव, आठ हजार भूमी (हे तेव्हाचं जमिनीचं माप), एक हजार ब्राह्मणांना. नावं मात्र एकोणपन्नासच कोरलेली, गोत्रासकट. आणि अटी! राज्याशी द्रोह करायचा नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांचं वाईट करायचं नाही; केली तर राजा जमीन परत घेईल. मी ॲक्टिव्हावर बसून चमकला गेले. पाराजवळ चार माणसं तुरीचा भाव बोलत होती. त्या एकोणपन्नासांपैकी कोणाची ओळ आज कुठं आहे, हे कोणताही भाट सांगू शकणार नाही.

त्याच प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. तिचा एक ताम्रपट मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचा. राणी वाकाटकांची, राज्य वाकाटकांचं, पण ताम्रपटात तिनं वंश लिहवला तो बापाचा, गुप्तांचा. चंद्रगुप्ताची मुलगी, आई कुबेरनागा नागकुळातली, आणि गोत्रही माहेरचं, धारण. सोळाशे वर्षांमागं, आमच्याच जिल्ह्यात. मी भाटाला विचारलं होतं ते तिनं सरळ तांब्यावर कोरून घेतलं. अर्थात ती सम्राटाची मुलगी होती, तिच्या हातात बोरू कोणी द्यावा लागला नसेल.

आता माझ्यापुढं एकच कडी बाकी आहे. नाशिकच्या वहीनं मला पणजोबांच्या पणजापर्यंत नेलं, तो नारायण. यजितखतातलं अज्ञान पोर विठोबा. नातवाला आजोबाचं नाव, या आमच्या रीतीनं पाहिलं तर तो नारायण याच विठोबाचा मुलगा निघायला हवा. ज्या रीतीनं मला वर्षभर रडवलं तीच आता माझ्या बाजूनं बोलते आहे. वावरही तेच दिसतं. पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. तपासणीला अधिकारी आला तर मी काय दाखवू?

जे असेल ते दुसऱ्या रुमालात असेल, आणि कदाचित ‘कुबाई’चं पुरं नावही. त्या दिवशी वेळ पुरला नाही म्हणून तो सोडून आले होते. दिवाळीनंतर गेले तर धान्याच्या खोलीत दारापासून छतापर्यंत कापूस भरलेला. संदूक मागच्या भिंतीशी, कापसाच्या आत. मोठेबाबा म्हणाले, भाव आला की गाडी भरू, मग ये. मी म्हटलं, उधई? ते म्हणाले, तिलेबी कापूस ओलांडूनच जा लागंन.

परवा फोन केला होता.

"भाव पडून हाये बाई. फागनात पाहू."